कावीळ, खाज आणि आठवा महिना: गरोदरपणातल्या यकृताच्या आजारांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

‘डॉक्टर, कावीळ सांगितलीय. आधी उतरवून आणू का, मग दाखवू?’ दर पावसाळ्यात हा प्रश्न माझ्या टेबलासमोर येतो. विचारणारी बहुधा सासू किंवा आई असते आणि ती काळजीपोटीच विचारते. त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कितवा महिना चालू आहे? गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले, तर उत्तराची निम्मी वाट या एका प्रश्नाने मोकळी होते.

लॅबच्या रिपोर्टमध्ये आकड्यांपुढे बाण आहेत. यकृत बिघडलंय का?

कोणत्या आकड्यापुढे बाण आहे, ते आधी बघा. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम शेवटच्या तिमाहीत दुप्पट-तिप्पट होतं, कारण ते वारेतूनही तयार होतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी दिसतं, कारण गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढून ते पातळ होतं. तळहात लालसर होतात, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात. एरवी ही यकृताच्या आजाराची खूण मानतात, पण गरोदरपणात निरोगी बाईतही दिसते.

मात्र एसजीपीटी, एसजीओटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात चढणारी एन्झाइम्स) आणि बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य) गरोदरपणामुळे वाढत नाहीत. हे आकडे चढलेले असतील तर ‘पोटात बाळ आहे, चालायचंच’ असं म्हणून रिपोर्ट फाइलीत घालू नका. अनेक नवरे अल्कलाइन फॉस्फेटेजपुढचा बाण बघून घाबरेघुबरे होऊन येतात आणि त्याच कागदावरचं एसजीपीटी १८० त्यांच्या नजरेतून सुटलेलं असतं.

महिन्याला एवढं महत्त्व का?

कारण ‘कावीळ’ हे एका आजाराचं नाव नाही. डोळे पिवळे दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या तीन महिन्यांत यकृताचे आकडे वाढले तर जास्तीच्या उलट्या हे नेहमीचं कारण असतं. शेवटच्या तीन महिन्यांत तीन आजारांचा विचार करावाच लागतो, आणि ते गरोदरपणातच होतात: पित्त साचून येणारी खाज, बीपीशी नातं असलेला हेल्प सिंड्रोम आणि यकृतात अचानक चरबी भरण्याचा आजार. विषाणूंची कावीळ मात्र महिना बघत नाही, ती कधीही होते. पित्ताशयातल्या खड्यांचंही तसंच. पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया आणि डेंग्यूही यकृताला धक्का देतात. त्यामुळे ताप असलेल्या बाईची कावीळ आली की आम्ही या तपासण्याही सोबतच पाठवतो.

यातल्या काही आजारांत बाळंतपण हाच उपचार असतो. काहींमध्ये घाईने डिलिव्हरी करून आईचा काही फायदा होत नाही. बाहेरून दिसणारा पिवळा रंग मात्र दोन्हीकडे सारखाच. म्हणून नेमका आजार ओळखेपर्यंत आम्ही जीव टांगणीला लावून बसतो, आणि म्हणूनच वाटेत घालवलेले दोन दिवस महाग पडतात.

उलट्यांनी यकृत बिघडतं का?

पाणीही पोटात ठरत नाही, वजन उतरतंय, लघवी कमी आणि गडद होतेय, अशी अवस्था असेल तर हो, एसजीपीटी वाढू शकतं. सलाइन आणि उलटीची औषधं सुरू झाली की आकडे बहुधा आपोआप खाली येतात. सलाइनमधून थायामिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व द्यायची आठवण ठेवावी लागते, तेही ग्लुकोजच्या आधी. या कारणाने यकृताला कायमची इजा होत नाही.

आठवा महिना आहे. तळहात-तळपायांना इतकी खाज येते की झोप लागत नाही. पुरळ नाही. हे काय?

हा प्रश्न आवडीचा नाही, पण ज्या बाईने तो विचारला तिचं मला कौतुक वाटतं, कारण बहुतेक जणी विचारतच नाहीत. एक बाई नवव्या महिन्यात तपासणीला आली. बीपी ठीक, बाळाचे ठोके ठीक. निघताना चप्पल घालायला वाकली तेव्हा तळपायांवर समांतर ओरखडे दिसले, शिस्तीत ओढल्यासारखे. विचारल्यावर ओशाळून म्हणाली, ‘रात्री कंगव्याने खाजवते.’ तीन आठवडे हेच चाललं होतं. घरात सगळे म्हणत, पोट ताणलं की खाज येतेच, खोबरेल लाव.

पोटावरची ताणाची खाज वेगळी. तळवे खाजणं, रात्री वाढणं, अंगावर पुरळ नसणं (असतील ते फक्त नखांचे ओरखडे) ही खूण पित्त साचण्याच्या आजाराची. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे आणि काही घराण्यांतल्या आनुवंशिक ठेवणीमुळे यकृतातून पित्त नीट वाहत नाही. मग पित्ताम्लं, म्हणजे बाइल अ‍ॅसिड्स, रक्तात साचतात. डोळे पिवळे होतातच असं नाही, बहुतेकींचे होत नाहीत. तपासणी दोन प्रकारची: यकृताच्या नेहमीच्या चाचण्या आणि रक्तातली बाइल अ‍ॅसिड्स. दुसरी चाचणी सगळ्या लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेरगावी जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. पहिली चाचणी नॉर्मल आली आणि खाज थांबली नाही, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा करा. खाज आधी येते, आकडे मागून येतात.

त्याचा बाळाला धोका किती?

आईला त्रास होतो तो झोपेचा आणि कातडीचा. चिंता असते बाळाची: दिवस भरण्याआधी कळा सुरू होणं, पोटातच बाळाने शी करणं आणि क्वचित बाळ पोटात दगावणं. हा शेवटचा धोका सगळ्यांना सारखा नाही. २०१९ साली अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की बाइल अ‍ॅसिड्स लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या खाली असतील तर बाळ दगावण्याचं प्रमाण इतर गरोदरपणांपेक्षा फारसं वेगळं नसतं. १०० च्या वर गेलं की ते शेकडा ३ च्या पुढे जातं.

म्हणून ‘खाज आहे, सिझर करून टाका’ हेही चूक आणि ‘खाजच तर आहे’ हेही चूक. आकडा १०० च्या वर असेल तर ३५-३६ आठवड्यांच्या सुमारास डिलिव्हरीचा विचार होतो, त्याहून कमी असेल तर आणखी थांबता येतं. कळा आणून नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते, सिझरच हवं असं नाही. एक गोष्ट ध्यानात असू द्या: या आजारात बाळाच्या ठोक्यांची पट्टी आज चांगली आली म्हणून उद्याची हमी मिळत नाही. त्यामुळे हालचाल कमी वाटली तर रात्री दोन वाजताही निघा.

खाजेसाठी देतात त्या अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळीने बाळ सुरक्षित राहतं का?

खाज थोडी कमी होऊ शकते, पण बाळाच्या संरक्षणाबद्दल मात्र निराशा झाली. ब्रिटनमध्ये ६०५ बायकांवर झालेल्या चाचणीत खरी गोळी आणि बनावट गोळी यांत बाळाच्या दृष्टीने फरक दिसला नाही. मी गोळी लिहून देते ती झोपेसाठी. पण गोळी चालू आहे म्हणून रक्ततपासणी चुकवू देत नाही.

पोटात वर, उजव्या बरगडीखाली दुखतंय, मळमळतंय. अ‍ॅसिडिटीच ना?

विसाव्या आठवड्यानंतर हे वाक्य मी सहज ऐकून सोडत नाही. गरोदरपणात जळजळ खूप जणींना होते, हे खरं. पण छातीच्या मधल्या खड्ड्यात किंवा उजव्या बरगडीखाली सतत दुखणं, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर बीपी आणि रक्त त्याच दिवशी तपासायला हवं. तांबड्या पेशी फुटणं, यकृताची एन्झाइम्स वाढणं आणि प्लेटलेट घटणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. १९८२ मध्ये अमेरिकी डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी तिन्ही गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं जोडून हे नाव दिलं.

काही जणींचं बीपी सुरुवातीला नॉर्मल असतं, म्हणूनच हा आजार फसवतो. घरी पित्तावरचं पातळ औषध घेत दोन दिवस जातात आणि तोवर प्लेटलेट एक लाखाच्या खाली घसरलेल्या असतात. पुढे झटके, वार आधीच सुटणं, किडनी बंद पडणं, क्वचित यकृताच्या आवरणाखाली रक्त साचून ते फुटणं, इथपर्यंत मजल जाते. उपचार म्हणजे बीपी आटोक्यात आणणं, झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आणि डिलिव्हरी. ३४ आठवडे उलटले असतील तर वाट बघत नाहीत. त्याआधी असेल आणि आई स्थिर असेल, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देण्यापुरता वेळ घेतात.

आणि डिलिव्हरी झाली म्हणजे सुटलो असं नाही. यातल्या साधारण तीन-दहांश केसेस बाळंतपणानंतर, बहुतेक पहिल्या ४८ तासांत समोर येतात. बाळंतिणीचं डोकं दुखतंय आणि पोटात वर कळ येतेय, तर ‘वारा लागला’ म्हणून कान बांधून निजवू नका.

यकृतात चरबी भरणं म्हणजे फॅटी लिव्हरच का? माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय!

नाही, आणि नावातल्या या सारखेपणाने फार घोळ होतो. वजन, साखर यांच्याशी जोडलेलं फॅटी लिव्हर वर्षानुवर्षांचं, शांत दुखणं आहे. ते असेल तर गरोदरपणात मधुमेहाची आणि बीपीची शक्यता जास्त, म्हणून लक्ष ठेवायचं, इतकंच.

गरोदरपणातला तीव्र आजार निराळा आणि दुर्मीळ: साधारण ७,००० ते २०,००० बाळंतपणांत एक. शेवटच्या तिमाहीत चार-पाच दिवस अंगात कसर, पुन्हा सुरू झालेल्या उलट्या, न भागणारी तहान, मग कावीळ. चाचण्यांत रक्तातली साखर उतरलेली, रक्त गोठायचा वेळ वाढलेला, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं. यकृत काम सोडून देत असतं. एकेकाळी यात बहुतेक आया दगावत. आज चांगल्या ठिकाणी वेळेत पोचलेल्या बहुतेक वाचतात, आणि वाचवणारी गोष्ट एकच: रक्त, प्लाझ्मा आणि ग्लुकोज देऊन आईला सावरायचं आणि लगेच डिलिव्हरी करायची.

काही घरांत याचं मूळ बाळात असतं. बाळाला लांब साखळीची चरबी जाळणारं एक एन्झाइम कमी पडतं, अर्धवट जळलेला माल वारेतून आईच्या रक्तात येतो आणि तिचं यकृत त्याने कोलमडतं. म्हणून अशा बाळंतपणानंतर बाळाची तपासणी करून घ्यायची. अशा बाळाला फार वेळ उपाशी ठेवलं तर साखर कोसळते, जिवावर बेततं. योग्य आहाराने ते टाळता येतं.

आठव्या-नवव्या महिन्यात उलट्या नव्याने सुरू झाल्या तर त्या डोहाळ्यांच्या नसतात. एवढं एक वाक्य घरातल्या मोठ्या बायकांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पाण्यातून होणारी कावीळ गरोदर बाईला जास्त घातक, हे खरं का?

खरं आहे, पण सगळ्या प्रकारांना लागू नाही. पाण्यातून पसरणारे विषाणू दोन, हिपॅटायटिस ए आणि ई. हिपॅटायटिस ए गरोदरपणात विशेष उग्र होत नाही. हिपॅटायटिस ई होतो. एरवी हा आजार चार-सहा आठवड्यांत आपोआप बरा होतो, दगावणारे शंभरात एखादाच. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायकांत मात्र भारतीय उपखंडातल्या साथींत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास नोंदलं गेलं आहे. यकृत अचानक निकामी होतं, मेंदूवर सूज येते, रक्त गोठत नाही. अकाली प्रसूती होते, बाळ पोटात दगावतं किंवा त्यालाही लागण होते.

दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पात्रात बदल होऊन नाल्याचं सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं आणि कावीळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. तेव्हा ई हे नावही नव्हतं. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासल्यावर गुन्हेगार सापडला. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली याच विषाणूची साथ आली. कारणांचा साचा जुनाच: गळकी जलवाहिनी, शेजारून गटार, आणि नळाला पाणी नसताना पाइपात आत ओढली जाणारी घाण. म्हणून दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात पहिल्या धारेचं पाणी गरोदर बाईने पिऊच नये.

यावर गरोदरपणात द्यावं असं खास औषध नाही. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध बाळाला घातक असल्याने देत नाहीत. लवकर डिलिव्हरी केल्याने आई वाचते असंही सिद्ध झालेलं नाही. आयसीयू, रक्त गोठण्यावर नजर, साखर सांभाळणं, शुद्ध हरपतेय का ते बघणं, यावरच भिस्त. चीनमध्ये यावरची लस २०११ पासून मान्य आहे आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीत साथीत वापरली गेली, गरोदर बायकांनाही. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात ती नाही. त्यामुळे उपाय पाणी उकळण्याचा. खळखळून उकळायचं, नुसतं कोमट करून भागत नाही.

कावीळ झाली की उसाचा रस चांगला ना? हळद, तेल, तूप बंद करायचं ना?

ग्लुकोज मिळतं, म्हणून रस वाईट नाही. पण हातगाडीवरचा रस बघा: उघडा बर्फ, बादलीत बुचकळलेले ग्लास, माशा. ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पाणी बर्फ होऊन औषध म्हणून परत येतं. घरी लिंबू-साखर-मीठ घालून उकळलेल्या पाण्याचं सरबत करा.

हळद बंद केल्याने डोळ्यांचा पिवळेपणा कमी होत नाही, त्या दोन पिवळ्यांचा काही संबंध नाही. तेल-तूप मळमळ होणार नाही इतपत कमी करा, पण महिनाभर बिनफोडणीची भाजी आणि ज्वारीची भाकरी एवढ्यावर गरोदर बाईला ठेवणं म्हणजे बाळाला उपाशी ठेवणं. मूगडाळ, वरणभात, दूध पचेल तसं, अंडं खात असाल तर अंडं. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा.

कावीळ उतरवली तर काय बिघडतं? शेजारणीची तर माळ लांब झाली होती.

माळ लांब होते, कारण ती ओल्या काड्यांच्या तुकड्यांची असते. तुकडे वाळून आकसतात, गाठी सैल होतात, दोरा मोकळा होतो. गळ्यात न घालता खुंटीला टांगली तरी ती तितकीच लांब होईल. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते आंब्याच्या सालीच्या रसाने. हातावर तो आधी लावलेला असतो. शेजारीण बरी झाली, कारण विषाणूंची बहुतेक कावीळ आपोआपच बरी होते.

माळेने इजा होत नाही, तिच्यात जाणाऱ्या वेळेने होते. नाकात कडू रस पिळणं, मनगटावर डाग देणं आणि अनोळखी मुळीचा काढा हे मात्र प्रत्यक्ष अपाय करतात. रक्त गोठत नसलेल्या बाईच्या नाकात झोंबणारा रस गेला तर रक्तस्राव थांबवणं कठीण जातं. माळ घालायचीच असेल तर दवाखान्यात येऊन घाला, मी कधी काढायला लावलेली नाही.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलंय. लोक पांढरी कावीळ म्हणतात. बाळाला होणारच का?

नाही, आणि यकृताच्या आजारांमधली ही मला सर्वात आश्वासक वाटणारी गोष्ट आहे. नवजात बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती आयुष्यभर राहते आणि पुढे सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन आकसणं), कॅन्सरपर्यंत नेऊ शकते. पण ती अडवता येते. जन्मानंतर २४ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, हिपॅटायटिस बी लसीचा डोस. आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीमधून उरलेले डोस. आईचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) मिलिलिटरमागे २,००,००० युनिटच्या वर असेल तर साधारण २८ आठवड्यांपासून टेनोफोव्हिर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची रोज एक गोळी. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात ही तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत. फक्त या कारणासाठी सिझर लागत नाही.

डिलिव्हरी कुठे होणार आहे ते ठरलं की इम्युनोग्लोब्युलिन तिथे मिळतं का, हे आठव्या महिन्यातच विचारा. रविवारी रात्री ते शोधत फिरणारा बाप मी पाहिलाय. बाळाची रक्ततपासणी ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान करतात, आधी केली तर निकाल चुकू शकतो.

आणि सुनेचं ताट-वाटी वेगळं करू नका. हा आजार एकत्र जेवल्याने होत नाही. दात घासायचा ब्रश आणि ब्लेड तेवढं वेगळं ठेवा. नवऱ्याची तपासणी करा, निगेटिव्ह असेल तर त्याला लस द्या.

अंगावर पाजू का?

हिपॅटायटिस बी असेल तर पाजा, टेनोफोव्हिर चालू असलं तरी. हिपॅटायटिस सी असेल तरी पाजा, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते भरेपर्यंत त्या बाजूचं थांबवा. (सी बाळाला जाण्याचं प्रमाण साधारण शंभरात पाच-सहा. त्याची औषधं सहसा बाळंतपणानंतर देतात.)

आधीपासून यकृताचा आजार आहे. गरोदर राहू का?

सरसकट नकार नाही, पण आधी भेटा. सिऱ्होसिस असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा ही खरी धास्ती. त्या गरोदर राहण्याआधी किंवा दुसऱ्या तिमाहीत दुर्बिणीने बघून बांधता येतात. विल्सनच्या आजारात (यकृतात तांबं साचतं) औषध बंद करणं सर्वात धोक्याचं, डोस बदलतो पण गोळी सुटत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते) ती शक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी अ‍ॅझाथायोप्रिन चालू ठेवतात, मायकोफेनोलेट मात्र आधीच बदलावं लागतं. यकृत प्रत्यारोपणानंतर निदान वर्षभर थांबायला सांगतात, आणि त्यानंतर बाळंतपणं झालेली आहेत.

कोणत्या लक्षणांना सकाळची वाट बघायची नाही?

झोपेचं चक्र उलटं होणं, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून किंवा सुईच्या जागेतून न थांबणारं रक्त, पोटात वर तीव्र कळ, झटका, बाळाची हालचाल मंदावणं, कावीळ आणि सोबत सतत उलट्या. १०८ लावा आणि फोनवरच सांगा, ‘गरोदर आहे, कावीळ आहे.’ जिथे रक्तपेढी आणि आयसीयू आहे, तिथेच न्या. मधल्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून रात्र काढणं म्हणजे हातची रात्र घालवणं.

पुढच्या खेपेला परत होईल का?

पित्ताची खाज निम्म्याहून अधिक जणींना परत होते. अशा बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यानेही खाज उठू शकते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी यकृताची चाचणी पुन्हा करा. आकडे खाली आले नसतील तर आजार दुसराच काही असेल. हेल्प झालेल्या बाईला पुढच्या वेळी बाराव्या आठवड्याच्या सुमारास लहान डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करण्याबद्दल डॉक्टर बोलतील. हिपॅटायटिस ई होऊन गेला असेल तर पुन्हा तसाच उग्र होण्याची भीती फारशी नाही.

आणि या खेपेची फाइल माहेरी माळ्यावर टाकू नका. पुढच्या वेळी पहिल्याच भेटीला ती पिशवीत हवी, त्यात महिन्यांसकट सगळे आकडे असतात.